धुवून आणलेली गाडी

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. सकाळी धुकं. पाववाला पोदेर उशिरा आला. गाडी इंजिनासकट धुवून घेतली आणि दुपारी हायवेवर बाबलीच्या गॅरेजात नेली. पाणी कमी होतं, तेलही गळतं. गाडी धुतली म्हणून बाबली रागावला. कारण कळलं नाही. शेवंतीला फोन करून सांगितलं, या रविवारी नाही, पुढच्या रविवारी न्यायला येते.

वहीत विनोदिनीबाईंनी असं लिहिलं खरं, पण बाबली रागावला नव्हता, हिरमुसला होता. बॉनेट वर केलं आणि लग्नाला काढलेल्या पितळी भांड्यांसारखं ते लखलखीत इंजिन बघून त्याने कमरेवर हात ठेवले.

“बाय, ही धुतली कोणी?”

“मीच सांगितलं धुवायला. डिझेल मारून, फवाऱ्याने. दुसऱ्याच्या दारात दाखवायला न्यायची, ती काय मळकी नेऊ?”

“दाक्तराकडे जाताना तुमी तापाची गोळी खावन जातात?”

विनोदिनीबाई कॉन्व्हेंटात शिकलेल्या. तिथे मळके बूट घालून आलेल्या मुलीला वर्गाच्या दारातूनच परत पाठवत. ती सवय सत्तरी उलटली तरी अंगात होती. गाडी त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर मुलगा म्हणत होता, भंगारात देऊया. बाईंनी दिली नाही.

बाबलीची सगळी विद्या धुळीतली. डिचोली भागात खाणी जोरात होत्या तेव्हा तो आमोण्याला राहून खाणीच्या जीप आणि ट्रक सांभाळायचा. तिकडची तांबडी धूळ प्रत्येक इंजिनावर लेप दिल्यासारखी बसे. तेल पाझरायचं तिथे ती काळी, चिकट होई. पाणी झिरपायचं तिथे ती धुऊन जाई आणि दोऱ्यासारखी रेघ उरे. बाबली त्या रेघेवर बोट ठेवून वर वर जात राही, आणि बोट थांबे तिथे भोक. खाणीचे पात्रांवसुद्धा, म्हणजे मालकसुद्धा, शेजारी उभे राहून बघत. खाणी बंद पडल्यावर तो बायकोच्या गावी, धारगळला आला आणि रस्त्याकडेला पत्र्याची शेड घातली.

जे करता येण्यासारखं होतं ते त्याने केलं. डिपस्टिक ओढून बघितली. तेल काळंच होतं, पाणी मिसळून दुधाचा चहा झालेला नव्हता. धूर पांढरा नव्हता. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नव्हते.

“इंजिनाचं डोकं शाबूत आसा,” तो म्हणाला. “तेल वरच्या गॅस्केटातून येता. तो घाम, त्येका भिऊ नकात. पण पाणी भायर जाता. खंयसून, ता तुमी धुवून उडयलां.”

“बरी होईल ना? मला शेवंतीला आणायची आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. थोरली बहीण शेवंती आमोण्याची. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला बसवत नाही. आईवडील, भाऊ कोणी उरलं नाही. तिला माहेर म्हणून उरलं ते धाकट्या बहिणीचं घर. तिथे चार दिवस राहायचं, एवढाच तिचा ध्यास. ॲम्ब्युलन्सचं नाव काढलं की उसळायची, “माहेराक कोण ॲम्ब्युलन्सीत निजून जाता?” आणि नव्या गाड्यांत तिला आडवं करायला जागा नाही. या जुन्या गाडीत मागे समोरासमोर दोन बाकं होती, मधे गादी बरोबर मावे. गेल्या रविवारी विनोदिनीबाई न्यायला निघाल्या आणि अस्नोड्याच्या पुढे चढणीला तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला. अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं.

“आमोण्याची शेवंतीबाय?” बाबली खुलला. “अगे बाय माझे! सुकत घातलेल्या मिरच्यांवर धूळ उडयली म्हणान केरसुणी घेवन माझ्या पाठी लागलेली ती! तिका मी हाडतां. माझो शब्द.”

आठवडाभर गाडी शेतांकडच्या वाटेने फिरवायची, लांब न्यायची नाही, मळली की आणायची, असं त्याने सांगितलं.

संध्याकाळी त्याची बायको रंजना चुलीपाशी म्हणाली, “महेशाकडे तो पंप आसा मा? रेडिएटराच्या तोंडार लावन हवा भरतत, नी पाणी फुटता थंय दिसता.”

“माका शिकय आता तू.”

“शिकयत नाय. मागून हाड म्हणतंय.”

“आणि महेश म्हणतलो, बाबलीची धूळ संपली.”

“मगे? संपली ती संपलीच मा?”

तो पेजेत बघत राहिला. महेशचं गॅरेज हायवेवर, चालत जाण्याच्या अंतरावर. तो गेला नाही.

आठवड्याने गाडी आली. शेताची वाटही आता काँक्रीटची. इंजिनावर करडी, भुरभुरीत धूळ सगळीकडे सारखी बसली होती. दोरा नाही, डाग नाही. बाबलीने बॅटरी मारून खालून वरून बघितलं, बोट फिरवलं. बोट कुठेच थांबलं नाही.

“आणि चार दीस फिरवया,” तो म्हणाला.

विनोदिनीबाईंनी तिथूनच बहिणीला फोन लावला. हाही रविवार चुकणार हे तिला सांगितलं. मग ती म्हणाली, “त्या बाबल्याक दी फोन.”

बाबलीने काळा हात पुसून फोन धरला.

“काय रे, खाणी बंद जाल्यो तरी तुझी धूळ काय सरना? माका नेतलंस मा?” आवाज इतका बारीक झाला होता, की त्याला फोन कानाला दाबून धरावा लागला.

“नेतंय, शेवंतीबाय. धीर धर.”

“धरतंय. आणि काय करू?”

त्या रात्री तो जेवला नाही. उजाडल्यावर महेशच्या दारात जाऊन उभा राहिला. महेश काही बोलेल म्हणून त्याने उत्तरं तयार ठेवली होती. महेशने फळीवरचा पंप काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, “काका, सावकाश हाडून दिया.” बस, एवढंच. बाबलीच्या उत्तरांना जागाच उरली नाही.

पंप लावून दांडा चार वेळा दाबला तेवढ्यात इंजिनामागून फुस्स झालं. हीटरकडे जाणाऱ्या नळीची क्लिप गंजून ढिली झाली होती. पाणी तापल्या लोखंडावर पडायचं आणि खाली येण्याआधी वाफ होऊन जायचं. गोव्यात हीटर कोण लावतो? तिकडे कुणाचं बघणंच होत नाही. बाबलीने नळीचं टोक कापलं, नवी क्लिप बसवली, परत हवा भरली. पंपावरचा काटा हलला नाही. रंजनाने आणलेला चहा अजून गरम होता.

त्याने फोन लावला. “बाय, गावली! क्लिप, साधी क्लिप! आज दुपारीच जावया.”

“बाबली,” विनोदिनीबाई म्हणाल्या, “शेवंती पहाटे गेली.”

त्याने पंप खाली ठेवला.

“गाडी बरी झाली ना?”

“जाली.”

“मग घेऊन या. मला आमोण्याला पोचायचं आहे.”

चालवायला तोच बसला. मागे बाकांच्या मधे गादी घातलेली होती, वर धुतलेली चादर. ती काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. अस्नोड्याची चढण आली. काटा मधोमध. एरवी बाबलीने डॅशबोर्डवर थाप मारून, “बघा!” म्हटलं असतं.

चढण संपल्यावर विनोदिनीबाईंनी विचारलं, “त्या पंपाचं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“होता, बाय.”

डिचोली मागे पडली तेव्हा त्या म्हणाल्या, “आणि गाडी मी धुतली.”

आमोणे आलं. घरात बायका रडत होत्या. बाबली अंगणाच्या कडेला, गाडीला पाठ लावून उभा राहिला. कुणीतरी खुर्ची दिली, ती त्याने घेतली नाही. नदीकाठी सगळं उरकल्यावर, दिवस कलताना, त्याने विनोदिनीबाईंना घरी आणलं, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि हायवेने चालत परत गेला.

वहीत त्यांनी त्या दिवसाच्या नोंदीची शेवटची ओळ लिहिली: सकाळचं दूध तापवायचं राहिलं, नासलं. चहा कोराच घेतला.