पेंटरने निवडलेली पेटी

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात पेंटरचं आयुष्य गेलं. अक्षर असं, की बघत राहावं. आणि स्वभाव असा, की एकदा काही डोळ्यात भरलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. त्याच्या बायकोची नजर मात्र चाळिशीतच गेली. मूलबाळ नव्हतं. पेंटर डबा घेऊन कामावर निघाला की दिवसभर घरात ती एकटी, आणि सोबतीला गाणी.

तिच्या सीडींच्या डब्यांवर त्याने जाड रंगाचे ठिपके टाकून दिले होते. कुठे एक, कुठे तीन, कुठे आडवी रेघ. ती बोट फिरवायची, हवी ती सीडी काढायची, प्लेअरमध्ये सरकवायची. स्वयंपाक पेंटर करायचा, कपडे तोच वाळत घालायचा, पण घरात कुठलं गाणं वाजणार हे ती ठरवायची. त्यात तो लुडबुडला तर चार शब्द ऐकून घ्यायचा.

मग प्लेअरने मान टाकली. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, म्हणाला, "भावोजी, ऑल-इन-वन म्युझिक सर्व्हर घ्या. प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं एकाच पेटीत. सीडी एकदा त्यात भरून घ्यायच्या, स्पीकर जोडायचे, झालं."

दुकानात दोन पेट्या होत्या. एक काळी, ठोकळ्यासारखी, पुढे उठावाच्या बटणांची रांग. "हे काय डबडं," म्हणत पेंटरने नाक मुरडलं. दुसरीला अख्खा काचेचा पडदा. गाणं लागलं की त्यावर सीडीचं रंगीत चित्र यायचं, आणि खाली अक्षरं अशी रेखीव, की पेंटर चष्मा वर-खाली करत बघतच बसला.

"ताईला बटणं बरी पडतील," मेहुणा हळूच म्हणाला.

"तुझ्या ताईला मी जास्त ओळखतो."

आता या माणसाला काय म्हणावं! जन्मभर डोळ्यांवर पोट भरलं, तर निवडही डोळ्यांनीच केली.

दुकानदाराने सगळ्या सीडी पेटीत भरून दिल्या. रिकामी अडगळ घरात कशाला, म्हणून त्या सीडी पेंटरने त्याच्याकडेच टाकल्या. घरी बायकोचं बोट धरून काचेवर टेकवलं. "इथे दाब, मग इथे." "कळलं," ती म्हणाली. आवाज खरंच गोड होता. ती ऐकत बसली, आणि पेंटरला भरून पावल्यासारखं वाटलं.

पुढे रोज संध्याकाळी तो विचारायचा, "काय ऐकलंस?" ती एखादं नाव सांगायची. स्वारी खूश. रंगाच्या दुकानात भेटेल त्याला पेटीचं कौतुक.

एकदा शिडीची पायरी मोडली म्हणून तो भर दुपारी परतला. दार लोटलेलंच होतं. ती पेटीसमोर उभी होती. काचेवर बोट टेकवायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. हाताला काही लागतच नव्हतं. पेटीतल्या रेडिओवर एकदम मोठ्याने बातम्या सुरू झाल्या. ती दचकली, भिंत चाचपत गेली आणि खटका बंद केला. मग खुर्चीत बसली, रोज बसत असावी तशी.

त्याची चप्पल वाजली तशी ती म्हणाली, "लवकर आलात? आत्ताच बंद केलं मी. सकाळपासून ऐकतच होते."

तो आल्या पावली दुकानात गेला. सीडी केव्हाच भंगारात गेल्या होत्या. "बटणांची पेटी आता येतच नाही हो," दुकानदार म्हणाला, "सगळं काचेवरच."

घरी येऊन तो तिच्याजवळ बसला. "चुकलं माझं. मघाशी मी दारातच उभा होतो."

"इतक्या हौसेने आणलीत," ती म्हणाली.

"सांग, कुठलं लावू?"

"तुम्हाला आवडेल ते लावा."

लग्न झाल्यापासून असं ती पहिल्यांदाच म्हणत होती.