बसवंत आप्पाची टिटवी

बसवंत आप्पा माझा शेजारी. माझ्याहून थोडा लहान, म्हणून इथे एकेरीत लिहितो; समोर मात्र मीही आप्पाच म्हणतो. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तो पट्टीबंधक होता. डॉक्टरांच्या हाताखाली जखमा धुवायच्या, पट्ट्या करायच्या, सुई देताना जनावर धरायचं, एवढंच काम. लिहून ठेवावं असं काही त्याने केलेलं नाही आणि मलाही लिहायची सवय नाही. पण एका जुन्या गाडीपायी त्याने गेलं वर्ष कसं घालवलं, ते मी जवळून पाहिलं. उरलेलं त्याच्याकडूनच ऐकलं. तेवढं मांडतो.

आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं. गावाला लागून ओढा, ओढ्यापलीकडे काळं रान आणि रानात दूरदूर आखाडे. आखाड्यावर माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली राहतात. पावसाळ्यात त्या रानात पायी निघालं तर चपलेला माती चिकटून पाय उचलत नाही. मोटारसायकलचे हाल त्याहून वाईट. चिखल चाकाबरोबर वर चढतो, मडगार्डात गच्च बसतो आणि चाक जागच्या जागी धरतं. काडीने माती उकरायची, थोडं पुढे जायचं, पुन्हा उकरायची.

आप्पाच्या टू-स्ट्रोक गाडीला हा त्रास नव्हता. लातूरच्या कुणा हौशी पोराने मातीतल्या शर्यतींसाठी घेतलेली ती गाडी. पोराला नोकरी लागली, हौस संपली, आणि आप्पाने ती उचलली. पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर वर, टायरला मोठे दाते. माती अडकायला जागाच नाही. लांब पाय आणि चिरका आवाज, म्हणून गावाने तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली. नोकरीभर आप्पा टिटवीवर फिरला. रिटायर झाल्यावर गुडघे किक मारायला नको म्हणू लागले, तेव्हा त्याने बटणावर सुरू होणारी गाडी घेतली. टिटवी गोठ्याच्या कडेला ताडपत्रीखाली गेली.

नोकरी सुटली तरी बोलावणी सुटली नव्हती. कुणाची गाय अडली, कुणाच्या म्हशीची वार पडेना, की आप्पाला फोन यायचा. तो जेवत असला तर ताटावरून उठायचा. त्याची बायको, महादेवीवहिनी, म्हणायच्या, स्वतःच्या लेकीच्या बाळंतपणाला हा माणूस एवढा धावला नव्हता. आप्पाला ते खरंही वाटायचं आणि आवडायचंही.

मागच्या पावसाळ्यात धुरपताबाईची म्हैस अडली. धुरपताबाई म्हणजे ओढ्यापलीकडच्या सगळ्यात मोठ्या आखाड्याची मालकीण. तिचा फोन येताच आप्पा बटणाच्या गाडीवर निघाला आणि काळ्या रानात अडकला. माती उकरत, गाडी ओढत तो पोचला तेव्हा म्हैस गेली होती आणि पोटातलं रेडकूही. धुरपताबाई रागावली नाही. तिने त्याला चहा दिला. त्यानंतर तिचा फोन आला नाही. ती आता आदर्शला बोलवू लागली. आदर्श पशुधनाचा डिप्लोमा केलेला, जवळच्याच गावचा तरुण. गावात सगळे त्याला डॉक्टर म्हणत. धुरपताबाई ज्याला बोलावते त्याला रानातले बाकीचेही बोलावतात, त्यामुळे हिवाळ्यापर्यंत आप्पाचा फोन जवळपास मुका झाला.

आप्पाने यावर कुणाशी चर्चा केली नाही. उन्हाळा लागला तेव्हा त्याने ताडपत्री काढली. टिटवी पुन्हा चालू करायची आणि पावसाआधी पलीकडे जायचा भरवसा परत मिळवायचा, एवढं त्याच्या मनात होतं. मला तो फक्त म्हणाला, "जाऊन माघारी आली पायजे. नुसती सुरू झाली तर काय कामाची?"

टेम्पोत घालून त्याने ती लातूरला सुदर्शन मिस्त्रीकडे नेली. सुदर्शनने टाकीतला गंज काढला, कारबोरेटर धुतला, प्लग बदलला, आणि गाडी सुरू झाली. आप्पा तिच्यावर बसूनच गावात आला. वाटेत ती तीनदा बंद पडली, हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

तिचं एक ठरून गेलं होतं. थंड असताना पहिल्या किकेला सुरू व्हायची. थोडी तापली की ताकद सोडायची, मग आवाज बसायचा आणि मग गप्प. गार होईपर्यंत काही केल्या ऐकायची नाही. आप्पा रोज सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून धुरपताबाईच्या आखाड्यापर्यंत जायचा प्रयत्न करायचा. दुसरीकडेही जाता आलं असतं, पण जायचा तिकडेच. एकदा गाडी नेमकी तिच्या दारात बंद पडली. तिने पाणी दिलं आणि गड्याला बैलगाडी जुंपायला सांगितलं. टिटवी कासऱ्याने बैलगाडीच्या मागे बांधून गावात आली. पाराजवळ बसलेल्यांनी ती वरात पाहिली. त्यातला लिंबाजी म्हणाला, "आप्पा, लग्न कुटं हाय?" आप्पा म्हणाला, "तुज्या घरी." आणि बैलांमागून चालत राहिला.

सुदर्शनने आणखी दोन वेळा हात लावला. कॉइल बदलली, सायलेन्सर भट्टीत भाजून आतली काजळी काढली. गाडी तापली की पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला की इंजिन पूर्ण मोकळं करावं लागेल, आणि लग्नसराईत त्याला तेवढा वेळ नाही. आप्पाने पाने उसने आणले आणि अंगणात पोतं अंथरून स्वतःच इंजिन खोललं. मी शेजारी बसून सुटलेले नट वाटीत ठेवत होतो.

सिलेंडर वर ओढला तेव्हा पिस्टन दिसला. त्यावर मधासारखा पिवळा, चकाकता थर होता. दोन्ही रिंगा खाचेत अशा चिकटल्या होत्या की जणू ओतूनच बसवल्यात. रिंग मोकळी असली तर ती सिलेंडरला टेकते आणि आतली हवा धरून ठेवते. ही धरणार कशी? आप्पाने नखाने खरवडून पाहिलं. पेट्रोलने पुसलं, गेलं नाही. त्याला वाटलं कुणीतरी गोंद ओतला.

महादेवीवहिनी कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी पिस्टन हातात घेतला, अंगठा फिरवला, वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्ये तर तेलाच्या बरणीवरचं किटण हाय."

"इंजिनात बरणी कुटून आली?"

"बरणी न्हाई. तेल मीच घालत होते की. दर दसऱ्याला."

मग उलगडा झाला. टिटवी उभी करताना आप्पाच वहिनींना म्हणाला होता की हिच्यात तेल राहू दे, नाहीतर पिस्टन धरेल. प्लग कसा काढायचा तेही त्यानेच दाखवलं होतं. वहिनी दरवर्षी दसऱ्याला गाडी धुवायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि प्लगच्या भोकातून पळीभर तेल सोडून हाताने किक दोनदा दाबायच्या. आप्पाला वाटत होतं, फळीवरच्या डब्यातलं इंजिनचं तेल जातंय. तो डबा केव्हाच संपला होता. वहिनी घाण्यावरून आणलेलं करडीचं तेल घालत होत्या, घरात होतं त्यातलं सगळ्यात चांगलं. करडीचं तेल हवेवर राहिलं की वाळतं आणि चिवट होतं, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. फळीवर त्याचा थेंब सांडून राहिला तर सुरीने काढावा लागतो.

"तुमी तेल म्हनलाव," वहिनी म्हणाल्या. "घरात तेल म्हंजे करडीचंच. तुमी कंचं ते सांगितलं न्हाई."

आप्पाने पिस्टन त्यांच्या हातातून घेतला. रागावेल असं मला वाटलं. तो म्हणाला, "मग काढायचं कसं त्ये तूच सांग."

राखेने घासते म्हणाल्या. आप्पाने ते होऊ दिलं नाही. सोड्यात उकळू म्हणाल्या. त्यालाही नको म्हणाला, पिस्टन खराब झाला असता. मग त्यांनी पिस्टन थिनरमध्ये बुडवून झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बांबूच्या कामटीने खरवडायला बसल्या. एक रिंग काढताना मोडली. आप्पाने तिचाच तुकडा वहिनींना खाच साफ करायला दिला, आणि नव्या रिंगा लातूरहून आणल्या. वहिनी तांदूळ निवडल्यासारख्या खाचेतला कण न कण बघून पुढे जात होत्या. आप्पाने सिलेंडर आणि हवेच्या वाटा साफ केल्या. सगळं जोडून झालं तेव्हा इंजिन कुठल्या तेलाने भिजवायचं, हे त्याने वहिनींना डबा हातात देऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, वाचता येतंय मला.

यानंतर टिटवी बंद पडली नाही. आप्पाचा मात्र तिच्यावर विश्वास बसत नव्हता. तो रोज ओढा ओलांडायचा, धुरपताबाईच्या आखाड्यावरून पुढे जायचा, बांधापाशी वळून परत यायचा. दिवस जात होते, मृगाची पेरणी जवळ येत होती, आणि हा रोज तिच्या खळ्यावर धूर सोडून जात होता. एक दिवस धुरपताबाईने हात करून थांबवलं.

"आप्पा, काय हरवलंय का इकडं?"

"ट्रायल घ्यायलोय."

"गाडीची का तुमची?"

तिने बसा म्हटलं नाही, तोही थांबला नाही. बोलावल्याशिवाय कुणाच्या जनावराला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज. दावणीला दुसरी गाभण म्हैस बांधलेली त्याने पाहिली होती, पण तिच्याबद्दल विचारलंही नाही.

पेरण्या झाल्या, पाऊस लागला, काळं रान पुन्हा खायला उठलं. आषाढातल्या एका सकाळी आप्पाचा फोन वाजला. धुरपताबाई म्हणाली, "म्हस अडलीय. डॉक्टरलाबी फोन केलाय. जो आधी यील त्यो."

आप्पाने ताट बाजूला सारलं. टिटवी पहिल्या किकेला सुरू झाली. ओढ्याचं पाणी गुडघाभर होतं, ती पार झाली. रानात शिरल्यावर थोड्याच अंतरावर त्याला आदर्श दिसला. त्याच्या नव्या गाडीचं पुढचं चाक मातीत धरलं होतं आणि तो तुराटीने मडगार्ड उकरत होता. खांद्याला औषधांची बॅग. पँट मांडीपर्यंत चिखलाने भरलेली.

आप्पाने मला खरं सांगितलं. तो आधी त्याच्या बाजूने पुढे निघून गेला. बांधापर्यंत गेला. तिथे त्याने गाडी थांबवली. म्हैस अडली की हात कोपरापर्यंत आत घालून रेडकू वळवावं लागतं, आणि आपल्या हातात आता ते बळ आहे का, हे त्याला त्या क्षणी ठरवता येईना. तो वळला.

"बसा, डॉक्टर."

"तुमी जा काका, मी येतो मागून."

"मागून यून काय करताव? बसा."

दोघं एकदमच पोचले. रेडकाचं डोकं मागे वळलेलं होतं. आप्पाने म्हशीला धरलं, तिच्याशी बोलत राहिला, आणि कळ ओसरली की आदर्शला हात घालायला सांगत गेला. हात आदर्शचा होता. दुपार व्हायच्या आत रेडी बाहेर पडली, जिवंत. म्हैसही उभी राहिली.

धुरपताबाईने दोघांना हात धुवायला गरम पाणी दिलं. या वेळी बाजेवर घोंगडी टाकून बसा म्हणाली. चहा झाल्यावर तिने पुढचं सांगून टाकलं. "आता पावसात दोघांला एकदमच फोन करीन. आप्पा, तुमी ह्यांला घिऊन येत जा."

आदर्शने आप्पाकडे पाहिलं. आप्पाने कपातला शेवटचा घोट घेतला आणि म्हणाला, "हाव."

यंदाच्या पावसाळ्यात पलीकडच्या रानातून बरेच फोन आले. आदर्श त्याची गाडी डांबरी रस्त्याला लावतो, आप्पा तिथे जाऊन उभा राहतो, तिथून दोघं टिटवीवर. कधी नुसती सुई द्यायची असते, तेव्हा आप्पाला काहीच काम नसतं. तो दावणीशी उभा राहतो.

एकदा वहिनींनी माझ्यासमोरच त्याला विचारलं, आता बोलावतात का नाही तुम्हाला.

"बोलवायलेत," आप्पा म्हणाला. थोड्या वेळाने त्याने आणखी जोडलं, "मला म्हनून न्हाई. पर माज्याबिगर डॉक्टर पोचत न्हाई."

आणि चेनला तेल द्यायला उठला.