तीन किलोमीटर, जोडीनं

बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या कॉलेजातल्या मुलीनं आमची नावं परस्पर नोंदवली. शहापूरकडच्या थीम पार्कात रविवारी सकाळी पळण्या-चालण्याचा कार्यक्रम होता. पळणाऱ्यांना दहा किलोमीटर, आमच्यासारख्यांना तीन, आणि तेही ‘जोडी’ गटात. “आजी नागपूरला जायच्या आधी तुम्ही दोघं एकदा चाला,” असं तिचं म्हणणं.

बहीण त्याच आठवड्यात वाशिंदचं बिऱ्हाड आवरून मुलाकडे नागपूरला चालली होती, कायमची. मी मुरबाडला एकटा असतो. निवृत्त ग्रंथपाल, तीन खोल्या, त्यातल्या दोन पुस्तकांनी बळकावलेल्या. तिनं नागपूरऐवजी माझ्याकडे यावं, हे मला महिनाभर सांगायचं होतं. दोनदा तिच्यासमोर बसून चहा प्यालो आणि दोनदा तसाच परतलो.

समोर बसून असलं बोलायची आम्हाला सवयच नाही. लहानपणी टोकावड्याच्या शाळेत चालत जायचो, तेव्हा वाट भाताच्या बांधावरून होती. बांधावर दोन माणसं शेजारी मावत नाहीत. ती पुढे, मी मागे. बोलायचं ते तिच्या पाठीशी, आणि तीही मान न वळवता उत्तर द्यायची. गणितात नापास झालो ते मी तिच्या पाठीला सांगितलं. तिचं लग्न ठरल्याचं तिनं पुढच्या करवंदीच्या जाळीला सांगितलं, मला ते मागून ऐकू आलं. पुढे डांबरी रस्ता झाला, तरी आम्ही एकामागे एकच चालत राहिलो. म्हणून हे तीन किलोमीटर मला हवे होते.

रविवारी कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि चालण्याचे फायदे त्यांनी खुर्चीत बसून सांगितले. त्यांच्या मागे फायबरचा डोंगर होता, त्यावर फायबरचा धबधबा. त्याच्याही मागे खरा माहुलीचा डोंगर उभा होता, पण त्याला प्रवेशिका नसल्यानं त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं. बहिणीनं लुगड्यावर आयोजकांचा पिवळा टी-शर्ट चढवला होता. माइकवाल्यानं आम्हाला हेरलं.

“काका-काकू! लग्नाला किती वर्षं झाली?”

“भाऊ हाय तो माजा!” बहीण ओरडली.

“तरीपण जोरदार टाळ्या!” तो म्हणाला. टाळ्या पडल्यादेखील.

निघालो. सवयीनं ती पुढे, मी मागे. वीस पावलंही झाली नसतील, शिट्टीवाली एक मुलगी धावत आली. “आजी, जोडीनं चाला ना! शेजारी शेजारी. नियम आहे.”

“गो बाय, आमी असंच चालतो.”

“फोटोत काका येतच नाहीत!”

“नाय आले तर काय बिघडलं? बघण्यासारखं काय हाय त्याच्यात?”

पण मुलगी हटेना. मग शेजारी चालावं लागलं. रस्ता इतका रुंद की पाच बैलगाड्या जाव्यात, आणि मला एक वाक्य सुचेना. तिचा गुडघा कसा आहे ते विचारलं. ठीक आहे म्हणाली. माझं दुधाचं भांडं अजून उतू जातं का, तिनं विचारलं. जातं म्हणालो. दोन किलोमीटर असेच संपले.

मग आयोजकांना तीन किलोमीटर भरायला अंतर कमी पडत असावं; कारण वाट एका बंद पाळण्याच्या रांगेच्या लोखंडी कठड्यांतून वळवली होती. जेमतेम एक माणूस जाईल एवढी. ती पुढे झाली. पिवळी पाठ माझ्यासमोर आली आणि मी लगेच बोललो.

“नागपूरला नको जाऊ. माझ्याकडे ये. एका खोलीतली पुस्तकं काढतो.”

पाठ थांबली नाही. कठड्याच्या वळणावर ती फिरली, क्षणभर आम्ही समोरासमोर झालो, तेव्हा ती खाली बघत होती. पुन्हा पाठ झाली, तेव्हा बोलली.

“किती उशीर केलास रे.”

“अजून चार दिवस आहेत.”

“नातू पाच महिन्यांचा हाय. सून कामावर चाललीय. त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं.” थोडं पुढे जाऊन म्हणाली, “तवा दुसरं कुणी विचारलं नव्हतं.”

कठडे संपले, मोठा रस्ता लागला, पण ती शेजारी आली नाही आणि मीही गेलो नाही. शिट्टी वाजली, तिकडे दोघांनीही लक्ष दिलं नाही. गुडघ्यामुळे ती उजवीकडे किंचित कलून चालत होती. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटच्या कमानीखालून ती पलीकडे गेली. मी चार पावलं अलीकडे थांबलो.

“काका, या ना! चारच पावलं! तुमच्यामुळे जोडी अडलीय!” माइकवाला ओरडत होता.

पलीकडे ती पाठमोरीच उभी होती, वळून न बघता माझी वाट बघत. मी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.