आवळीला बांधलेला पक्का धागा

विमलाबाई देशकर एरवी साध्या, पण समता कॉलनीतून रिक्षा करून जुन्या राजबागेत पोचल्या की त्यांच्या अंगात राजाची सासूच संचारायची. बाग भोसल्यांच्या वेळची. राजे कधीच गेले. उरल्या दोन कमानी, कोरडं कारंजं आणि दुपारी चिटपाखरू नसलेल्या पायवाटा. तिथं कुणी बाकावर चपलेसकट पाय ठेवला की बाई कडाडायच्या, "काहून? घरी असेच बसता का?" लोक निमूट ऐकत, कारण रागावून झालं की डब्यातला गोळाभातही त्याच वाढत.

बागेवरचा हा हक्क एका आवळीमुळे. लग्न होऊन वर्ध्याहून रायपुरात आल्या, तेव्हा इथल्या मराठी बायका कार्तिकातल्या आवळा नवमीला जुन्या आवळीखाली जेवत. ते झाड वादळात पडलं. मग बाईंनी आणि रेल्वेत कारकून असलेल्या त्यांच्या यजमानांनी, शालिग्रामरावांनी, त्याच जागी रोप लावलं, बादल्यांनी पाणी घालून वाढवलं. नवमीला बायका खोडाभोवती सूत गुंडाळत फेरे घालत, मग पंगत बसे.

गेली दोन वर्षं मात्र झाड वाळत चाललं होतं. बाईंनी सगळं खापर गौतम माळ्यावर फोडलं. बारा बायकांच्या सह्या घेऊन तक्रारअर्जही लिहिला; नवमी झाली की द्यायचा. गौतमची नोकरी ठेक्याची. अर्ज गेला की तो घरी बसणार, हे बाईंनाही ठाऊक होतं.

नवमीला बाई मुलीला, राधिकाला, घेऊन सकाळीच आल्या. गौतम खोडापाशी उकिडवा बसला होता.

"पोट्टीसारखं वाढवलं मी याले! पानी काहून देत नाईस तू?"

"पानी तो रोज देथंव, दाई. थोकिन इहां देखव."

रोज देतो, जरा इथं बघा, असं आपल्या छत्तीसगढीत सांगून त्यानं खोडावरचा धागा बोटानं उचलून पाहिला. उचलेना. लालपिवळा चकचकीत धागा सालीत रुतला होता. त्याच्या वर खोड सुजल्यासारखं फुगलं होतं, आणि फांद्या काटक्या झाल्या होत्या.

"नायलॉन है. सड़ता नहीं. इसी ने गला घोंट दिया," तो म्हणाला.

"मम्मी," राधिका हळूच म्हणाली, "ये धागा तो आप ही लाती हैं ना?"

बाईच आणत. आठ वर्षांपूर्वी फेरे घालताना त्यांच्या हातातलं कच्चं सूत तटकन तुटलं, आणि पौषात शालिग्रामराव गेले. तेव्हापासून त्या बाजारात दहादा ओढून बघून न तुटणारा धागा घेत. कच्चं सूत एका पावसाळ्यात कुजून गळून पडतं; हा धागा तसाच राहतो आणि वाढत्या खोडाला काचतो. इतकी साधी गोष्ट त्यांना सुचली नाही. मनात भीती ठाण मांडून बसली की शहाण्या माणसाचीही मती जाते.

त्यांनी गौतमची छाटायची कात्री मागून घेतली आणि एकेक थर कापायला लागल्या. खालच्या सालीवरचा वळ पाहिला आणि त्यांना हुंदका आवरेना.

तेवढ्यात बायका जमल्या. कुसुमताईंच्या हातात बाईंनीच आणून दिलेलं नवं रीळ होतं.

"हे काय करून राहिल्या, विमलाताई? नवमीच्या दिवशी धागा तोडता?"

"झाड मीच मारत होते, अन् अर्ज याच्या नावानं लिहिला. तो आता देत नाई मी." बाई गौतमकडे वळल्या. "माफ कर भैया मले. जगंन का हे?"

"एक बरसात देखबो, दाई." गौतमला त्यांच्याकडे बघवेना.

कुसुमताईंचं समाधान होईना. "पन धागा तोडल्यानं कोनाले काही झालं तं? तुमचंच नाई का झालं?"

बाई खोडाला टेकून खाली बसल्या.

"धाग्यानं नाई झालं. यांच्या किडन्या त्या नवमीच्या आधीच गेल्या होत्या. डॉक्टरनं मले सांगितलं, नागपूरले न्या म्हनून. मी भ्याले. यांनाही सांगितलं नाई, पोरीलेही नाई. सन होऊ द्या, मग पाहू, म्हटलं. धाग्याले दोष दिला की माह्यावर येत नव्हता."

राधिकाला हे आज पहिल्यांदा कळत होतं. ती आईशेजारी उकिडवी बसली. मग तिनं आईच्या हातातली कात्री घेतली आणि राहिलेले थर कापायला लागली.