दोन मीटरवर बसलेली नलिनी

माझा पुतण्या महेश याने या ग्रुपवर ‘काकांची झपाटलेली लेन्स’ असे शीर्षक देऊन जे लिहिले, त्यातले निम्मे चूक आहे आणि उरलेले निम्मे अर्धवट. म्हणून या वयात मला स्वतः टाइप करावे लागत आहे. मी सोलापुरात हयातभर भौतिकशास्त्र शिकवले. भिंगे आणि प्रतिमा हा तर माझा हातखंडा विषय. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर्गाबाहेर उभे करीत असे. मला भोळसट ठरवण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे.

पहिली दुरुस्ती. आमचे शेजारी बसवराजअप्पा सांगत फिरतात की ही लेन्स भवानी पेठेतल्या कुणा मयत फोटोग्राफरची आहे. साफ खोटे. ती मी तरुणपणी नवी कोरी घेतली होती, माझ्याच रोलच्या कॅमेऱ्यासोबत. कॅमेऱ्याचे शटर कधीच अडकले, लेन्स मात्र स्वच्छ राहिली. गेल्या दिवाळीत महेशने स्वतःचा जुना डिजिटल कॅमेरा मला दिला आणि सोबत अडॅप्टर, म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवणारी धातूची कडी. या जोडणीत ऑटोफोकस नसतो. लेन्सवरची रिंग हाताने फिरवायची. जे स्पष्ट होईल त्याच्या कडा पडद्यावर लाल होतात. रिंगवर अंतरे कोरलेली असतात... दोन मीटर, तीन, पाच, दहा आणि शेवटी अनंताची खूण.

माझी पत्नी नलिनी दुपारी खिडकीपाशी खुर्चीत बसून चटणीसाठी शेंगदाणे निवडते. मी जमिनीवर टेप अंथरून बरोबर दोन मीटरवर माझी खुर्ची मांडली आणि रिंग दोनवर आणली. तिच्या खुर्चीचे हात लाल झाले. हातातले सूप लाल झाले. चेहरा मात्र धूसर. रिंग पुढे नेली, तेव्हा कुठे तीनच्या खुणेवर तिच्या चष्म्याच्या कडा उजळल्या.

महेशला फोन केला. कडीची जाडी चुकली असेल, म्हणाला. अरे, कडी चुकली तर सगळेच चुकेल! सूप बरोबर आणि सूप धरणारी चूक, हे कोणत्या कडीने होते? तरी शंका नको म्हणून मी नलिनीला तांब्या गालाशी धरायला लावला. तांब्या दोनवर, गाल तीनवर.

‘‘आता डोक्यावर घागर पण घेऊ का?’’ ती म्हणाली.

मी हसलो, पण त्या दुपारनंतर मला चैन पडेना. संक्रांतीच्या सुमारास ती पाचवर गेली. होळीपर्यंत पाचही मागे पडले. ती समोर बसून शेजारणीच्या तक्रारी सांगत होती, आणि माझ्या हातातली रिंग सांगत होती की ही बाई रस्त्यापलीकडे आहे. कारण न सांगता मी तिला डॉक्टरांकडे नेले. रक्त, ईसीजी, सगळे नॉर्मल. डॉक्टरांनी उलट माझेच ब्लडप्रेशर तपासले. रात्री ती कुशीवर वळली तरी मी जागा होऊ लागलो.

मग महेश पुण्याहून आला. त्याने माझ्याच खुर्चीत बसून, त्याच लेन्सने तिचा फोटो काढला. ती दोनवर स्पष्ट! यावरूनच त्याने लिहिले की ‘काकांच्या डोळ्यांचा दोष’. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन नजर स्वच्छ झालेली आहे हे त्याला ठाऊक आहे. शिवाय कडा कॅमेरा लाल करतो, माझे डोळे नव्हेत. आणि मी काढलेले फोटो तर साऱ्या घराने पाहिले आहेत. सूप लख्ख, बाई धुक्यात.

पुढचे महेशला माहीत नाही, कारण तो तेव्हा परत गेला होता. नलिनीने एके दुपारी कॅमेरा माझ्या हातून काढून घेतला. ‘‘रोज माझ्याकडं बघून घाबरताय. आता तुम्ही बसा,’’ म्हणाली. ती तिच्या खुर्चीत, मी माझ्या. मधे तोच टेप. कोणती रिंग फिरवायची ते मी दाखवले. ती फिरवू लागली. बराच वेळ फिरवत राहिली. मग तिचा हात थांबला, आणि कॅमेरा डोळ्यांसमोरून न हलवता ती हळूच म्हणाली,

‘‘अहो, तुम्ही एवढं मागं का सरकलात?’’

मी सरकलो नव्हतो. उठून रिंग पाहिली. दहाच्या पुढे, अनंताला जवळजवळ टेकलेली. ती माझ्यापासून जितकी दूर गेली होती, त्याहून मी तिच्यापासून अधिक.

तोवर मला फक्त तिच्यापुरती धास्ती होती. आता आमच्यापैकी कोण निघाले आहे, की दोघेही, हे मला कळत नाही. अप्पा म्हणतात, लेन्स नदीत सोडा. महेश म्हणतो, विकून टाका. मी ती कॅमेऱ्यावरून काढून कपाटात ठेवली आहे. अंतर लेन्समध्ये होते असे मला वाटत नाही, म्हणून टाकून उपयोग काय? याचे स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. हे वाक्य मी वर्गात कधीही उच्चारले नव्हते.

हल्ली दुपारी मी माझी खुर्ची तिच्या खुर्चीला भिडवून बसतो. ‘‘उकडतंय, सरका की जरा,’’ ती म्हणते. मी सरकत नाही. तीही खुर्ची हलवत नाही.