रातपाळीवाल्याची झोप

लालबागच्या चाळीतल्या लवू घाडीला व्हँकुव्हरमध्ये आता किती वाजले विचारलं, तर तो घड्याळाकडे बघायचा नाही. "आपली दुपार ती त्येंची रातपाळी," एवढंच त्याचं गणित. मुलाने, स्वप्नीलने, जाताना मोबाइलमध्ये दोन्हीकडच्या वेळा लावून दिल्या होत्या. पण ज्याचा जन्म गिरणीत पाळ्या करण्यात गेला, त्याला जगातली सगळी घड्याळं पाळीतच कळणार.

गिरणीच्या दिवसांत लवू गावकीच्या खोलीत राहायचा. एका खोलीत गावचे अठरा जण. एका पाळीची वळकटी उचलली की दुसऱ्या पाळीची पसरायची. तिथे कायदा एकच होता, रातपाळी करून आलेल्याला उठवायचं नाही. भांडं पडलं तरी आईबापाचा उद्धार व्हायचा. लवूने हा कायदा एकदाच मोडला. गावाहून आईचं पत्र आलं, ते वाचून घ्यायला त्याने भर दुपारी रातपाळी करून झोपलेल्या दत्तारामला हलवून उठवलं. दत्तारामने पत्र वाचून दाखवलं, पण नंतर काही त्याचा डोळा लागला नाही. त्या रात्री मशीनमध्ये त्याची तीन बोटं गेली. दत्तारामने कधी एका शब्दाने बोल लावला नाही. लवूने स्वतःला लावला तो कायमचा.

म्हणून स्वप्नीलला फोन संध्याकाळी सातलाच. तेव्हा तिकडे सकाळचे साडेसहा. खाली मसाला कुटणाऱ्या डंकांची धडधड चालू असायची, आणि लवू खिडकी लावायला उठला की स्वप्नील म्हणायचा, "राहू दे बाबा, ऐकू दे. इथे साला कुत्रापण भुंकत नाही."

फोन ठेवल्यावर त्याची बायको रखमा म्हणायची, "तेका थंय झोप येणा नाय. शांतता खाता तेका."

"झोपल्याशिवाय काम करता काय तो?" लवू तिला उडवून लावायचा. पोराचं दुखणं आईला कळलं होतं. बापाला कायदा पाठ होता.

मे महिन्यात रखमाचं हृदय थकलं. आता घरीच न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याचा अर्थ दोघांनाही समजला. येत्या शनिवारी स्वप्नील पोचणार होता. बुधवारी दुपारी एक वाजता रखमाने पेजेची वाटी बाजूला सारली.

"ओ, झिलाक फोन लावा."

"आता नको गो. थंय मध्यरात झाली. सात वाजता लावया."

"आताच लावा," ती म्हणाली. मग त्याचा चेहरा बघून गप्प झाली. संसारभर ती त्याचं ऐकत आली होती. त्या दिवशी तिने ऐकायला नको होतं.

पावणेचारला ती गेली. भिंतीपलीकडची बकुळा धावत आली, तिने डोळे पुसत फोन उचलला. लवूने तिचा हात धरला.

"लवूकाका, अहो त्याला कळवायला नको?"

"झोपांदे तेका. ती आता खंय जाता?"

लोक जमले, कुजबुजले. म्हातारा भ्रमला, असं कोणी म्हणालं. लवू भ्रमला नव्हता. हातून सगळं निसटलेल्या माणसाला निदान पोराची झोप तरी राखायची होती. तो रखमाच्या उशाशी सात वाजेपर्यंत बसून राहिला.

सातला त्याने फोन लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत स्वप्नीलने उचलला. लवूने सांगितलं.

"मी जागाच होतो बाबा," स्वप्नील म्हणाला. "रात्रभर. आईची आठवण येत होती. तुमच्याकडे एक वाजला तेव्हा नंबर काढून बसलो होतो. मग म्हटलं, जेवून आडवे झाले असाल, कशाला उठवा."

लवूने रखमाच्या अंगावरची चादर सारखी केली.

"बाबा, ती काही बोलली?"

खोटं बोलता आलं असतं. बकुळा त्याच्याकडे बघत मान हलवून नको, नको म्हणत होती.

"तुका फोन लावा म्हणाली," लवू म्हणाला. "एक वाजता. मी लावलंय नाय."