लुगड्याच्या काठाचा रंग

मागच्या उन्हाळ्यात सोयगावची मावशी आमच्याकडं आली, ती रुमालात गुंडाळलेला फोटो घेऊन. माझ्या आजीचा तो एकुलता एक फोटो. आई आणि मावशी अगदी लहान असतानाच आजी गेली. मावशीला स्वतःच्या आईचा चेहरा ठाऊक आहे तो या फोटोतलाच.

"कॉम्प्युटरात घालून ठिव," ती म्हणाली. "वाळवी लागली तर काय करू मी?"

औरंगपुऱ्यातल्या दुकानातून आणलेला स्कॅनर नवाच होता. काच पुसून फोटो पालथा ठेवला. ग्रे की कलर, असं पडद्यावर विचारलं. फोटो काळा-पांढराच, म्हणून मी ग्रे घेतलं. सेव्ह करायच्या आधी वाटलं, फाइल केवढी होणार ते आधीच सांगता येईल का? फोटो सहा बाय चार इंचांचा, इंचाला पाचशे ठिपके. तीन हजार गुणिले दोन हजार, म्हणजे साठ लाख ठिपके. करड्या रंगाच्या एका ठिपक्याला एक बाईट. म्हणजे सहा एमबीच्या आसपास. दाबून लहान न करता फाइल जतन केली, तर खरंच पावणेसहाच्या जवळ आली. मला भलताच आनंद झाला.

मावशी शेजारी बसून माझा मोठ्यानं चाललेला हिशेब ऐकत होती. "आन् रंगीत घेतलं तर?"

"तिप्पट होईल. प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवं किती, निळं किती, असं तीनदा लिहावं लागतं."

"पण ह्यात रंगच नाय. मग ते तीनदा लिहितंय काय?"

म्हटलं, घेऊनच बघू.

फाइल सतराच्या पुढं गेली. पडद्यावर फोटो जुन्या कागदासारखा पिवळट दिसत होता, एवढाच फरक. रंग गडद करायची पट्टी मी सहज पुढं सरकवत गेले आणि मावशीनं माझा हात धरला.

"थांब. काठ बघ."

लुगड्याच्या काठावर हिरवा रंग उमटला होता. काचेवरून फोटो उचलून पाहिला, तर त्यात तो शोधूनही दिसत नव्हता. मी आईला हाक मारली. ती कणकेच्या हातानंच आली आणि दोघी बहिणी पडद्यावर वाकल्या.

"पूर्वी फोटोवाले हातानं रंग भरायचे," आई म्हणाली. "त्यातलाच असेल, विटलेला."

दुसऱ्या दिवशी मी रंगीत प्रती छापून आणल्या, दोघींना एकेक. लुगडं खरंच हिरव्या काठाचं होतं, की त्या फोटोवाल्यालाच हिरवा आवडायचा, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. मी मावशीला तसं म्हटलंही.

"हिरवाच असंल," ती फोटो पिशवीत ठेवत म्हणाली. "लई शोभतोय तिला."